तिच्या भाषेत विचारलं तेव्हा

नगरकरांनो, ताप आला तर आपण कसंही करून सांगतो. पण मन दुखलं की घरचेच आपल्या वतीने बोलतात, आणि आपलं सांगणं राहूनच जातं. याचा मला संताप आहे.

आज सकाळी शेजारच्या सुजाताबरोबर सावेडीतल्या दवाखान्यात गेले होते. (नाव बदललंय, तिला विचारूनच लिहितेय.) लग्न होऊन तेलंगणातून आलेली, बाळंतीण, मराठी जेमतेम. डॉक्टर तिला विचारत होते आणि उत्तरं नवरा देत होता. "झोप लागत न्हाई तिला. बाकी काय न्हाई."

आमच्या गल्लीतल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मावशी सोबत होत्या. त्या म्हणाल्या, "जावईबापू, बाळाला बाहेर फिरवा. ते रडलं तर तुमीबी रडा, पण आत येऊ नका." तो हसत गेला.

मग डॉक्टरांनी सरळ विचारलं, "जीव द्यावासा वाटतो का?" मावशींनी तिचा हात हातात घेऊन तेच तेलुगूत विचारलं. सुजाता त्यांच्या कुशीत शिरली आणि रडत "हो" म्हणाली.

उपचार आजच सुरू झालेत. तिच्या संमतीने नवऱ्यालाही सांगितलं. तो कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत बसला होता.

असं विचारल्याने कुणी मरणाकडे ढकललं जात नाही, उलट मोकळं होतं. फक्त तिला कळेल अशा भाषेत विचारायला कुणीतरी हवं. तेलुगू, सिंधी, हिंदी, उडिया, ठाकरी: तुम्ही घरात जी भाषा बोलता, तिचं नाव आत्ता खाली लिहा. गरज पडली की हाक मारीन.