हातभर वाढवलेलं दावं

दैवशाला निवांत बसलीय असं हसनाबादात कुणी पाहिलं असेल, तर त्यानं येऊन सांगावं. रान तिच्याकडं, कापूस तिच्याकडं, सासू चांगुणाबाईची औषधं तिच्याकडं, आणि गोठ्यातली चांदी गायही तिच्याकडंच. नवरा भारत जालन्याला एमआयडीसीत, लोखंडाच्या मिलवर. सुट्टीला मोटारसायकलवर यायचा, जेवायचा आणि झोपून जायचा. त्याचंही चूक नव्हतं म्हणा, भट्टीपुढं उभं राहून माणूस अर्धा होतो. पण बाकीचं मग कुणी ओढायचं? बाईचे गुडघे काय लोखंडाचे असतात का?

चांदी गाभण होती, महिन्याभरात व्यायची होती. दैवशालेच्या बापानं ती कालवड असताना लेकीला दिली होती. बाप गेला, माहेर तुटल्यासारखंच झालं, गाय तेवढी राहिली. तिच्या अंगावरून हात फिरवताना दैवशालेला घडीभर बरं वाटायचं.

दसऱ्याच्या आसपास ज्वारी कापली. पुढं पावसानं दडी मारली, आणि धसकटांना फुटलेले हिरवे फुटवे गुडघ्याएवढेच होऊन सुकत राहिले. दिसायला असे की जनावराच्या तोंडाला पाणी सुटावं. चांगुणाबाईनं सून घरात आली तेव्हाच बजावलं होतं, "कापल्याल्या धाटाचा फुटवा गाईला दाखवू पन नको. त्याला राग असतोय. किराळ लागती." ही किराळ म्हणजे ज्वारीची विषबाधा, गावात सगळ्यांना माहीत. म्हणून तिथं जनावर बांधावर आखूड दाव्यानं बांधतात आणि जवळचं गवत संपलं की खुटा उपटून पुढं ठोकतात. वेचणी सोडून सारखं उठायचं, दगड शोधायचा, खुटा ठोकायचा. ऐकायला सोपं वाटतं.

त्या दिवशी दुपारपर्यंत दैवशालेची कंबर सरळ होईना. ओटीत कापूस, डोक्यावर ऊन, आणि बांधावरून चांदी हंबरून राह्यलेली. गवत संपलं होतं. दैवशाला उठली, खुट्यापाशी गेली, आणि तिथं उभ्या उभ्या तिला वाटलं, आता बास. खताच्या गोणीची निळी दोरी पडली होती, ती तिनं दाव्याला जोडली. हातभरच. डोळ्यानं अंदाज घेतला, दावं काही ज्वारीपर्यंत पुरत नव्हतं. दाव्याची लांबी तिनं धरली, गायीची मान धरायची राहिली. एवढी वर्षं जनावर सांभाळलेल्या बाईनं ही चूक करायला नको होती, पण थकलेल्या माणसाचा हिशोब असाच लंगडा असतो. लिंबाखाली जाऊन ती टेकली, आणि तिचा डोळा लागला.

जाग आली ती घरघरीनं. चांदी आडवी पडली होती, तोंडाला फेस, पाय ताठ, श्वास भात्यासारखा. ज्वारीच्या कडेचे फुटवे खुडलेले होते. दैवशाला धावली. तिनं जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना, तृप्तीमॅडमना, फोन लावला. नशीब की त्या शेजारच्याच वस्तीवर लसीकरणाला आल्या होत्या. येताच त्यांनी गायीच्या मानेच्या शिरेत औषध सोडलं आणि तिथंच मातीत बसून राहिल्या.

"आता वाट बघायची, ताई," त्या म्हणाल्या.

"आत्याबाई म्हन्त्यात, धाटाला राग असतोय," दैवशाला म्हणाली. काहीतरी बोलल्याशिवाय तिला राहवेना.

"रागच म्हणा. दोन वस्तू त्यानं पानात वेगवेगळ्या ठेवलेल्या असतात. तशा काही करत नाहीत. दात लागला, पान चिरडलं, की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि विष सुटतं. मग श्वास चालू असून जनावर आतून गुदमरतं. कापून फुटलेल्या, पाण्याविना खुंटलेल्या रोपात हे जास्त. समुद्रातलं काही शेवाळसुद्धा कुरतडलं की कडू होत जातं."

दैवशालेनं समुद्र कधी बघितला नव्हता. पण ओरबाडल्यावर कडू होणं तिला कळलं, आणि शेवाळाचा हेवा वाटला. तिला तर वर्षानुवर्षं सगळेच खुडत आले होते, आणि ती मुकाट्यानं पुन्हा फुटत राहिली होती.

दिवस कलता कलता चांदीनं कान हलवला. मग धडपडत उभी राहिली. मॅडमनी पोटाला हात लावून वासराची हालचाल पाहिली आणि मान डोलावली. दैवशाला गायीच्या गळ्यात पडून रडली.

रानातली बातमी घरी पोचताच चांगुणाबाईनं भारतला फोन केलाच होता. मिलमधली पाळी सोडून तो निघाला होता. गाय गोठ्यात बांधताना सासू हळूच म्हणाली, "खुटा उपटला म्हनून सांग. मी बी तेच सांगते." म्हातारीला पोराचा राग माहीत होता.

भारत आला, गायीला पाहिलं, आणि त्याची नजर दाव्यावर गेली. निळी दोरी त्यानं बोटानं चाचपली.

"ही गाठ कुनी मारली?"

सासूनं तिच्याकडं पाहिलं. दैवशालेच्या ओठांवर खुटा आलाही होता.

"म्या."

"कशाला? गाय मेली असती म्हन्जे?"

"मला बसायचं व्हतं."

तिचा आवाज चढला नाही. पण इतक्या वर्षांत असा कडू तो घरात कुणी ऐकला नव्हता. भारतनं दोरीवरची बोटं काढली. तिच्या हातांकडं तो बघत राहिला, कापसाच्या बोंडांनी चिरलेल्या.

चांदीला बांधलेला गोठ्यातला खुटा ढिला झाला होता. दैवशाला सवयीनं दगड शोधायला वाकली.

"तू बस, माय," चांगुणाबाई म्हणाली. "भारत, खुटा ठोक."

त्यानं दगड घेतला. पहिला घाव निसटला, दुसऱ्याला खुटा तिरपा झाला. त्याला जमत नव्हतं. दैवशाला भिंतीला पाठ टेकून बघत राहिली, उठली नाही.