अक्कानं एकही वार न करता जिंकलेला डाव

दत्ताचा फोन आला तेव्हा मी गोदामाच्या दारात ट्रकवाल्याशी भाड्यावरून भांडत होतो. धाकटा भाऊ इतक्या सकाळी फोन करत नाही. "दादा, ये. अक्का..." एवढंच बोलला. ट्रकवाल्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाला, "जा शेठ, तुमचं म्हणणं मान्य." इतक्या वर्षांत पहिल्यांदा समोरचा माणूस आपण होऊन खाली आला, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

अक्का म्हणजे आमची थोरली बहीण, सुमन. श्रीरामपूरला शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली, तिकडचं घर आवरून मिरजगावला परत आली आणि एसटी स्टँडजवळ दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिली. त्या सकाळी चहा ठेवला, खुर्चीत बसली, ती उठलीच नाही. दहाव्याला माईकवर एकेक जण बोलायला उभा राहिला. कुणी म्हणालं सोशिक, कुणी म्हणालं गरीब गाय, कुणी म्हणालं बाईंनी आयुष्यात कुणाला हरवलं नाही. माझं डोकं फिरलं. मी उठलो, तर दोघांनी दंडाला धरून खाली बसवलं, कारण रंगनाथनं माईक घेतला की भांडण होतं असा गावात माझा लौकिक आहे. म्हणून हे लिहितोय. आमची अक्का गाय नव्हती. तिनं काय जिंकलं ते मी समोर बसून पाहिलेलं आहे.

त्यासाठी थोडं मागचं सांगावं लागेल. मी सातवीत शाळा सोडली आणि बैलबाजारात एका हेड्याच्या, म्हणजे बैलांच्या दलालाच्या, हाताखाली राहिलो. तिथं सौदा टॉवेलाखाली होतो. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं धरून किंमत सांगायची. तोंडानं काय वाटेल ते बोलावं, पण टॉवेलाखालचं बोट खोटं सांगत नाही, हा बाजाराचा कायदा. त्या बाजारातून उठून मी हायवेवर पाइप आणि पाण्याच्या मोटारींचं दुकान उभं केलं, कुणाच्या ओळखीवर नाही. पुढं दत्ताही त्यात आला, आणि मग भावाभावांची वाटणी झाली. आम्ही अक्काला पंच केलं, आणि तिनं रस्त्यावरचं दुकान दत्ताला दिलं, मला मागचं गोदाम. म्हणाली, "रंगा, तू गिऱ्हाईक विहिरीतूनसुद्धा वर काढशील. दत्ताला रस्ता लागतो." हे मी आजही विसरलेलो नाही. मेलेल्या माणसाविषयी असं लिहू नये म्हणतात, पण अक्काला तोंडावर जे बोललो तेच इथं लिहितोय.

वाटणीनंतर दत्ताशी बोलणं बंद झालं. भाऊबीजेला मी सकाळी अक्काकडं जायचो, तो संध्याकाळी. ती दोनदा तबक लावायची, दोनदा ओवाळायची, बोलायची काही नाही. मग एका वर्षी तिनं दोघांनाही दुपारच्या जेवणाला बोलावलं, एकाचं दुसऱ्याला न सांगता. दारात दत्ताची मोटारसायकल दिसली तशी मी गाडी वळवायला लागलो, तर आतून आवाज आला, "रंगा, चप्पल काढ. भजी गार होतायत."

जेवणं झाली तरी ओवाळणीचे पाट मांडले जाईनात. माझी मुलगी सायली पुण्याहून आली होती. तिनं पिशवीतून पत्त्यांचा एक खोका काढला. सुपरहिरोंचा खेळ. आपल्या रमीसारखा एकमेकांविरुद्ध नाही. चौघांनी एका बाजूनं खेळायचं. समोर खलनायक म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, दर फेरीला त्याचं एक पान उलटायचं आणि त्यावर जे संकट लिहिलंय ते भोगायचं. हरलो तर चौघंही हरलो. "डाव जिंकला की ओवाळते," अक्का म्हणाली. दत्तानं विचारलं, "आन् न्हाई जिंकलो तर?"

"तर ओवाळणी नाही. या वर्षी नाही, पुढच्या वर्षीही नाही. दोन पंगती वाढून मी दमले आता."

ती असं बोलली की बोलली. आम्ही दोघं टेबलाच्या दोन टोकांना बसलो.

खलनायक होता भंगाराचा राक्षस. दर फेरीला तो एक नवं यंत्र जोडायचा आणि ती यंत्रं आम्हाला हाणायची. मी हातोडेवाला घेतला, सगळ्यात जोरात मारणारा. दत्ताला ढालवाला आला, दुसऱ्यांवरचे घाव अंगावर घेणारा. सायलीचा गडी इतरांना पत्ते पुरवायचा. अक्कानं मात्र कुणालाच नको होती ती बाई उचलली. तिला मारताच यायचं नाही. ती जखमी गड्याला बरं करायची आणि शत्रूची यंत्रं झोपवून ठेवायची. प्रत्येकाचा जीव मोजायला अक्कानं चार वाट्यांत चिंचोके घातले. घाव बसला की चिंचोका बाहेर. अक्काला दुसऱ्याच्या वाटीत चिंचोके घालता यायचे, पण दर वेळी थोडे स्वतःच्या वाटीतून काढावे लागायचे.

सुरुवातीला दत्ता माझ्याशी बोलेना. "सायली, तुझ्या पप्पांना म्हणावं, आधी ते डावीकडचं यंत्र फोडा."

"सायली पोस्टमन नाही," अक्का म्हणाली. "तोंड आहे ना तुला?"

"हाय. पर त्यांचा हिरो बी त्यांच्यासारखाच हाय, आला की भांडान."

सायली हसली. मला हसू आलं ते मी दाबलं.

फेऱ्या वाढत गेल्या. दुपार उतरली तरी राक्षस पडेना. मी एक यंत्र फोडलं की तो दुसरं जोडायचा. दत्ता सगळ्यांचे घाव अंगावर घेत होता, त्याची वाटी रिकामी होत चालली होती, आणि अक्का दर फेरीला त्याच्याच वाटीत चिंचोके घालत होती. माझा पारा चढला. "सगळं त्यालाच का? मला दे, दोन फेऱ्यांत संपवतो."

"तू मघापासून दोन फेऱ्यांतच संपवतोयस."

"वाटणीत पण तू हेच केलंस," मी म्हणालो. दत्ता उठायला लागला. अक्कानं त्याच्याकडं न बघताच तळहात खाली दाबल्यासारखा केला, वर्गातल्या पोराला बसवावं तसा, आणि तो बसला.

मग मला म्हणाली, "हातात काय आहे तुझ्या?"

"काही खास नाही," मी म्हणालो. हातातला माल उघड करायचा नाही, समोरच्यानं मागायला आलं पाहिजे, हे माझ्या हाडात मुरलेलं. इथं समोर आपलीच माणसं होती, पण सवय ती सवय. अक्का उठली, खुंटीवरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातावर टाकून आत स्वतःचा हात घातला. "सांग, हेड्या."

आता टॉवेलाखाली मी काय करणार? चार बोटं दिली. चार मोठे घाव धरून ठेवले होते मी. तिनं बोटं चाचपली, मान हलवली आणि म्हणाली, "मग थांब. मी सांगेपर्यंत हात उचलायचा नाही."

मी थांबलो. माझ्या बायकोला विचारा, ही काय गोष्ट आहे. पुढच्या फेरीला अक्कानं दत्ताला बरं केलं. नंतरच्या फेऱ्यांत तिनं एकेक यंत्र झोपवलं, शेवटी राक्षसालाही जखडून टाकलं. सायलीनं मला आणखी पत्ते पुरवले. राक्षस समोर उभा, पण त्याला बोट हलवता येत नव्हतं. दत्ता माझ्याकडं बघत होता.

"आता मार," अक्का म्हणाली.

मी हातातली सगळी पानं एकामागोमाग टाकली. राक्षस पडला. शेवटचा घाव माझा होता, हे कुणी नाकारू नये. पण त्या घावाआधी जे झालं ते एकट्या अक्काचं होतं.

"दादा," दत्ता म्हणाला, "लई जोरात हाणलंस." वाटणीनंतर त्यानं मला थेट म्हटलेलं पहिलं वाक्य.

दिवेलागणीला तिनं दोन पाट शेजारी शेजारी मांडले. दत्ता वाट्या आवरायला लागला तर म्हणाली, "राहू दे. जिंकलेला डाव मोडायचा नाही." आणि तशाच उचलून फळीवर ठेवल्या. ओवाळताना मी हळूच म्हटलं, "आता तरी दुकानाचं बोल." तिनं माझ्या कपाळाला कुंकू जरा जोरातच लावलं. "मान खाली कर," म्हणाली.

मागच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्या खोल्या रिकाम्या करायला गेलो. फळीवर त्या चार वाट्या होत्या, आम्ही बसलो होतो त्याच क्रमानं, वर टॉवेल टाकलेला. माझी निम्मी भरलेली. सायलीचीही बऱ्यापैकी. दत्ताची चांगली भरलेली. अक्काच्या वाटीत एकच चिंचोका होता. आम्ही त्या दिवशी सगळे दत्ताच्या वाटीकडं बघत होतो... तिच्या वाटीकडं कुणी बघितलंच नव्हतं.

रस्त्यावरच्या दुकानाबद्दल माझं म्हणणं कायम आहे. ते दत्तालाही माहीत आहे. मी माझ्या वाटीतले चिंचोके मुठीत घेतले आणि अक्काच्या वाटीत टाकले.

"दादा, हातोडेवाल्याला तसं देता येत न्हाई," दत्ता म्हणाला. "नियमात बसत न्हाई ते."

"गप बस," मी म्हणालो.

त्यानं अक्काच्या वाटीकडं बघितलं. मग त्यानंही आपली वाटी उचलली.