दोन सीटची पिवळी गाडी

मामांना गाडी शिकता आली असती. ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला आठ दिवस पुष्कळ झाले असते. मी त्यांना शिकू दिलं नाही. एवढं लिहायला मला पंचवीस वर्षं लागली. मामा-मामी दोघंही आता नाहीत, म्हणजे ज्यांना सांगायचं त्यांना सोडून बाकी सगळ्यांना सांगतो आहे. माझी पद्धतच ती.

राहात्याजवळ मामांची पेरूची बाग होती, थोडा ऊस होता. मूलबाळ नव्हतं. मी कॉलेज संपवून त्यांच्याकडे राहत होतो आणि नोकरी शोधतोय असं म्हणत होतो. एक भाचा जेवला की शंभर ब्राह्मण जेवल्याचं पुण्य, असं मामी म्हणायची आणि त्या हिशोबानं वाढायची. भाच्याचं मन मोडायचं नाही, भाच्याला खोटं पाडायचं नाही, हा त्या घरचा कायदा. मी तो पुरेपूर वापरला.

सगळं सुरू झालं खताच्या दुकानातल्या कॅलेंडरवरून. परदेशातलं तळं, काठानं रस्ता, रस्त्यावर टप नसलेली ठेंगणी गाडी, आणि तीत एक पुरुष, एक बाई.

"ही बाई त्याची कोन?" मामांनी विचारलं.

"बायको असेल."

"शेजारी बसलीय."

"हो."

"आन् मागं कोनच न्हाई?"

"मागं जागाच नसते, मामा. असल्या गाडीला दोनच सीटा."

दुसऱ्या दिवशी पेरू पाट्यांत भरता भरता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लग्नात पाटावर बसलो तेवढंच. बैलगाडीत ती मागं, भावकीच्या बायकांत. कारखान्याच्या जीपमधी मी पुढं, ती मागं डब्याडुब्यांत. तीस वर्सं झाली. शेजारी बसून कुठं गेलोच न्हाई आमी." मग स्वतःच लाजले आणि म्हणाले, "कुनाला बोलू नको. तुझ्या मामीला तर मुळीच न्हाई. तिला भंडारदरा बघायचाय, एवढंच सांगायचं."

संस्थानिकांचे तनखे नुकतेच बंद झाले होते, त्यामुळं कुठल्या कुठल्या राजवाड्यांतल्या गाड्या विकायला निघाल्या होत्या. पुण्यात अशाच एका लहानशा संस्थानच्या बंगल्यात तीन गाड्या आहेत अशी खबर आली. मला इंग्रजी येत होतं आणि एका ट्रकवाल्याकडून मी गाडी शिकलो होतो, म्हणून सल्लागार मी. मामा निघाले ते लोणीच्या बैलबाजाराला जातात तसे: पटका, नवं धोतर, हातात काठी.

पहिली गाडी अमेरिकन होती, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हाक मारावी एवढी लांब. तिथला म्हातारा कारभारी अभिमानानं म्हणाला, "आठ माणसं आरामात बसतात."

"म्हंजी अख्खी भावकी बसंल," मामा म्हणाले. "मंग नको."

दुसरी इंग्रजी, उघडी, चार सीटांची. मामांनी मागच्या दोन सीटांकडं बोट दाखवलं. "ह्या काढता येत्याल का?" कारभाऱ्यानं कानांवर हात ठेवले. मामांनी मान हलवली.

तिसरी कोपऱ्यात होती. इटालियन, उघडी, दोन सीटांची, हळदीसारखी पिवळी आणि कमरेएवढी उंच. मामांनी तिला तीन फेऱ्या घातल्या. पाठीवर थाप मारली. खाली बसून चारही चाकं खूर बघावेत तशी बघितली. मग म्हणाले, "चालवून दाखवा. चालीवर कळतं."

कारभारी म्हणाला, "अहो, ही शर्यतीच्या जातीची आहे."

"शर्यतीचा बैल नांगराला चालत न्हाई, ठावं हाय. आमाला कुठं नांगरायचंय? जबडा उघडा."

कारभाऱ्यानं पुढचं झाकण उघडलं. आत काही नव्हतं. रिकामी पेटी. मामांनी काठीनं तळ ठोकून बघितला आणि माझ्याकडं वळले. "ह्यानं इंजिन आधीच इकलं का काय?"

"इंजिन मागं असतं हिचं," कारभारी म्हणाला.

मामा मागं गेले, वाकून बघितलं, बराच वेळ विचार केला. "म्हंजी गाडी पुढं आन् बैल मागं. बरंय. धूळ उडाली तर त्याच्या नाकात जाईल, आपल्या न्हाई."

मामा गाडीच्या पोटाखाली वाकलेले असताना कारभाऱ्यानं मला चालकाच्या जागी बसवलं. तिचं स्टिअरिंगचं चाक डावीकडं होतं. सीटखाली एक खटका होता. तो ओढला की सीट पुढं-मागं सरकायची. माझे पाय लांब. मी सीट पार मागं नेली, पाय पसरले, चाकावर हात ठेवला. मला त्या वेळी नोकरी नव्हती, कुणी मला कुठल्या कामाचा म्हणत नव्हतं. त्या चाकामागं मात्र मी कुणीतरी होतो.

मामांनी बाहेरून विचारलं, "मला चालवता येईल का रं? खरं सांग. मी चालवनार, ती शेजारी बसनार, म्हनून घ्यायची. न्हाईतर अर्थ न्हाई."

"आठ दिवसांत येईल," मी म्हणालो. तेवढं खरं होतं. गाडी त्या एका वाक्यावर घेतली गेली.

घरी आल्यावर मामी आरतीचं ताट घेऊन दारात आली आणि थबकली. "ही उभी हाय का बसलीय?"

"उभी आहे, मामी."

"मंग औक्षण मला बसून करावं लागंल." आणि ती खरंच मांडी घालून बसली आणि गाडीच्या नाकाला कुंकू लावलं. वस्तीचा रस्ता चाकोऱ्यांचा, गाडीचं पोट घासायला लागलं, म्हणून मामांनी गड्यांकडून उसाचं पाचट अंथरून घेतलं. बाळंतिणीसारखी ती गाडी मऊ मऊवरून गोठ्यापर्यंत आली. गाई उठून उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी पाटाच्या कडेच्या रस्त्यावर शिकवणी सुरू झाली. मामा ठेंगणे. सीट मी मागं नेलेली, तशीच. त्यांचे पाय क्लचपर्यंत पोचेनात. खटका माझ्या हातापासून वीतभर लांब होता. मी त्याला हात लावला नाही. आधी वाटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. उद्या मला पुन्हा चालवायला मिळाली, आणि परवाही.

मामीनं उशी दिली. पण क्लच दाबला की पाठ उशीत रुतायची आणि पाय होते तिथंच राहायचे. शेवटी मामांनी युक्ती काढली. सीटवर पार खाली सरकले, जवळजवळ आडवेच झाले, तेव्हा पाय पोचले. फक्त डोकं दिसेनासं झालं. मी शेजारी बसलो होतो, तर म्हणाले, "तू उतर. तू असलास की मला लाज वाटती."

मी उतरलो. गाडी निघाली, आणि चांगली निघाली. गिअर एकदाही करकरला नाही. समोरून एक बाई गवताचा भारा घेऊन येत होती. तिनं बघितलं की पिवळी गाडी येतेय आणि तीत माणूस नाही. भारा तिथंच टाकून ती पाटात उतरली. "आगं बया, रिकामीच आली!" ती ओरडत होती. गाडी शांतपणे वळली, बांध उतरली आणि घासाच्या वाफ्यात जाऊन उभी राहिली. तिथं बांधलेली म्हैस जवळ आली आणि तिनं दिवा चाटला.

आतून मामांचा आवाज आला. "थांबली का?"

"थांबली," मी म्हणालो.

"कुठं?"

"घासात."

दोन-तीन दिवस हेच चाललं. राहात्याच्या बाजारात भुताची गाडी बघितल्याचं लोक शपथेवर सांगायला लागले. मग एका सकाळी मामांनी मला सरळ विचारलं, "माझं चुकतंय का गाडीचं?"

आणि मी म्हणालो, "मामा, ही गाडीच उंच माणसाची आहे. इटलीत माणसं उंच असतात."

इटलीतला माणूस मी तोवर पाहिला नव्हता. पुढं नोकरीत एकदा एक पाहिला. मामांएवढाच होता.

मामांनी आपल्या पायांकडं बघितलं आणि हसले. "देवानं आखूड दिले, त्याला इटलीवाला काय करनार? तू चालव." वर बाजारात सगळ्यांना सांगत सुटले, "आमचा भाचा हाय म्हनून निभावलं. इटलीवाले लई उंच."

आता गोष्ट अशी झाली की गाडीला सीटा दोन, त्यातली एक माझी. तीस वर्षं ज्यासाठी थांबले ती जागा मी धरून बसलो. एकदा मामांनी मागं, इंजिनाच्या झाकणावर बसून बघितलं. झाकण तापलं तसे अर्ध्या मैलात उडी मारून उतरले आणि दोन दिवस जेवतानासुद्धा पालथे पडून राहिले. तिसरा माणूस बसण्याचा विषय तिथं संपला.

मग पाळ्या ठरल्या. एक दिवस मामा, एक दिवस मामी. रोज संध्याकाळी पाटाच्या कडेनं फेरी. मामी मामांचं उपरणं डोक्याला घट्ट बांधायची आणि दोन्ही हातांनी दार धरून बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी वाऱ्यात ओरडून म्हणाली, "हे इथंच बसत्यात का? ह्याच शीटवर?"

"हो."

"काल त्यांनी काय बघितलं?"

"बगळे बघितले. त्या बाभळीवर."

"मंग मलाबी तिथं ने."

आणि मामांचा दिवस आला की मामा विचारायचे, "काल ती काय म्हनली?" मी सांगायचो. खोटं नाही सांगितलं, त्यात काही कमीही केलं नाही. तेवढंच एक माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं आहे. बाकी, एका घरात दोघं रात्रंदिवस असताना एकमेकांचा निरोप माझ्याकडून घेत होते, आणि माझा ऊर भरून येत होता तो गाडीच्या आवाजानं.

फाल्गुनात मामांनी भंडारदऱ्याचं काढलं. मी म्हणालो, दोन दिवशी दोघांना नेतो. मामा म्हणाले, "एकाच दिवशी. तळं एकदमच बघायचं." दारात गाडी असताना एस.टी.नं जायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. लोक काय म्हणतील? म्हणून बेत असा ठरला: आधी मामीला संगमनेरच्या स्टँडवर सोडायचं, परत येऊन मामांना आणायचं, मग तिथून मामीला पुढच्या अकोले गावाला, परत मामांना, असं टप्प्याटप्प्यानं.

पहाटे निघालो. मामीला संगमनेरला बाकड्यावर बसवलं. मामांना घेऊन आलो तेव्हा नऊ वाजून गेले होते. ती दोघं स्टँडवर एकमेकांना भेटली ती सोयऱ्यांसारखी.

"आलात का?"

"आलो. तू बरी हायेस नव्हं?"

"बरीय. चहा घेतला."

दहा मिनिटं एका बाकड्यावर, मधे भाकरीचं गाठोडं ठेवून बसली. मग मी मामीला उठवलं. मामांनी हात वर केला. अकोल्याला पोचेपर्यंत मामी एकदाच बोलली, "असं थांबत थांबत गेलो तर तळं पळून तर न्हाई जानार?"

मामांना अकोल्याला आणून सोडलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. दोघांना बाकड्यावर ठेवून मी पेट्रोलला गेलो. परत आलो तर बाकडं रिकामं. पानवाला म्हणाला, "ते आजा-आजी व्हय? कंडक्टर म्हनला चला दोघं, तर गेले की राजूरच्या गाडीत बसून. तुमाला सांगा म्हनले, सावकाश या."

मी सुटलो. गावाबाहेर ती एस.टी. दिसली, लाल, कलती, टपावर कोंबड्यांच्या पाट्या. मी हॉर्न देत राहिलो, पण ड्रायव्हर बाजू देईना. कशाला देईल? एका थांब्यावर मी शेजारी गेलो. माझी गाडी एवढी बुटकी की मला मान वर करून बघावं लागलं. खिडकीशी मामी होती. तिच्या लगत मामा. दोघांच्या मांड्यांवर मिळून ते गाठोडं. मामा समोर, ड्रायव्हरच्या टाळूकडं बघत होते, अगदी ताठ, पाटावर बसल्यासारखे. मामीचं डोकं उघडं होतं आणि तिला ते कळलं नव्हतं. तिनं मला पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही. घंटी झाली, बस निघाली, आणि राजूरपर्यंत मी तिची धूळ खात गेलो, शेजारी मोकळी सीट घेऊन.

राजूरला गाडी बदलून ते धरणापर्यंत एस.टी.नंच आले. मी आधी पोचून उभा होतो. दोघं उतरले, पाण्याकडं गेले, कठड्याशी थांबले. मी लांबच राहिलो. थोड्या वेळानं मामांनी मला हाक मारली.

"रागावला न्हाईस ना? तू लई दमला हुतास. आमच्यापायी किती हेलपाटे मारशील! म्हनलं, तेवढीच तुला इस्रांती."

मी खिशातली किल्ली काढून मुठीत धरली.

"परत जातानाबी आमी एस.टी.नंच जातो. तिला आवडलं." हे सांगताना त्यांचा चेहरा कॅलेंडरच्या दिवशी झाला होता तसा लाजरा झाला नाही, उलट उजळला. "आन् ही गाडी आता तुझी. आमच्यासाठी लई राबलास. भाच्याला काय दिलं न्हाई आजवर, हे माझ्याकडनं."

मामी म्हणाली, "आन् लगीन कर बाबा आता. ती शेजारची शीट रिकामी बरी दिसत न्हाई."

त्या क्षणी खटक्याचं सांगता आलं असतं. पाणी समोर होतं, दोघं एकत्र होते, मला कुणी मारणार नव्हतं. मामा बहुधा हसले असते. तेच मला नको होतं. किल्ली माझ्या मुठीत होती. मामा वाट बघत होते, भाचा घेतो की नाही म्हणून, काळजीनं.

मी घेतो म्हणालो. मामांना इतका आनंद झाला की त्यांनी माझे हात धरले.