नकाशेबाई

नकाशेबाई रेघ ओढताना श्वास रोखून धरत. शाईचं पेन टेकलं की खांदे स्थिर. रेघ संपली की मोठा उसासा. त्या उसाशावरून आम्ही शेजारच्या टेबलांवर रस्त्याची लांबी ओळखायचो.

नाशिकच्या आमच्या कचेरीत त्या अनुरेखक होत्या, म्हणजे साहेबांनी आखलेले नकाशे शाईने गिरवायच्या. मी त्यांच्या हाताखाली शिकलो. "नकाशात माणसं दिसत नाहीत, म्हणून हात कापत नाही," असं त्या म्हणत. मला ते गमतीचं वाटे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शहराच्या आखणीचं प्रदर्शन भरलं. बागेत बांबू-तट्ट्यांचे तीन मंडप उभे राहिले. पहिल्यात घाट आणि जुन्या पेठा, दुसऱ्यात जुनी नळयोजना, तिसऱ्यात उद्याचं शहर. रविवारी बाईंचे वडील आले. अण्णा रस्त्याच्या कामावर मुकादम होते, आता निवृत्त. तिसऱ्या मंडपात त्यांनी आधी नकाशाच्या कोपऱ्यातली लेकीची सही शोधली, तिच्यावरून बोट फिरवलं. मग ते बोट सरकत सरकत आपल्या वस्तीपाशी गेलं आणि थांबलं.

"ताई, हा रस्ता आपल्या घरावरनं जातोय का?"

"हो, अण्णा."

"तुला ठाऊक होतं?"

"मीच गिरवलाय. तीन महिने झाले."

तीन महिने ही बाई रोज माझ्यासोबत डबा खात होती. अण्णा गर्दीला वाट देत बाजूला झाले आणि मंडपाचा बांबू धरून उभे राहिले.

"साहेबांना सांगायचं तरी," मी नंतर म्हणालो. "दहा फूट सरकवला असता."

"विचारलं होतं त्यांनी, कुठे अडचण आहे का म्हणून. दहा फुटांवर सखूमावशी राहतात, एकट्या. त्यांना कोणी विचारलं असतं?"

पुढे महिनाभर बाईंनी वस्तीतल्या घराघराचे हरकतीचे अर्ज लिहून दिले. स्वतःचा दिला नाही. रस्ता थोडा अरुंद झाला, सहा घरं वाचली. बाईंचं वाचलं नाही.

घर पडलं ते पुढच्या दशकात. त्याच्या आदल्या वर्षी अण्णा त्याच घरात वारले. पाडापाडीच्या सकाळी मी गेलो, तेव्हा सामान टेम्पोत चढलं होतं. बाई शहराच्या टोकाला अंबडला भाड्याच्या खोलीत चालल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "अण्णा घरातलं सगळं बोलायचे माझ्याशी. कचेरीत आज काय केलंस, एवढं मात्र त्या रविवारनंतर कधी विचारलं नाही."

मग त्या ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या.