हातातला रॉड गुणगुणला तेव्हा

मित्रांनो, घरी पोचल्या पोचल्या हे लिहितोय.

आज दुपारी बोदलकसा तलावावर मासे पकडायचा नवीन फ्लाय रॉड घेऊन गेलो. पिसांचं जड आमिष लांब जावं म्हणून मुद्दाम नऊ फुटी, कडक कार्बनचा निवडला होता. तलावापलीकडे आभाळ गडगडत होतं, पण पाऊस नव्हता.

अचानक मुठीत मुंग्या आल्या. रॉड गुणगुणायला लागला. मासा लागला समजून मी येड्यासारखा तो आणखी उंच धरला!

सोबतचा मामेभाऊ माझ्याकडे बघतच राहिला. "दादा, तुये केस काऊन उभे होऊन राहिले?"

वीज पडायच्या आधी केस असे उभे राहतात, हे तेव्हा आठवलं. रॉड टाकला, दोघं गाडीकडे पळालो. दार लावलं आणि मागे काठावरच वीज पडली.

दुकानात लांबी विचारली, वजन विचारलं. या कार्बनमधून वीज जाते का, हे विचारलंच नाही.

तुम्ही कधी विचारलंत?