शनिवारचे शेवटचे दोन तास

रत्नागिरीत छापखान्यात मी एका पत्रकाचं प्रूफ तपासत होते, तेव्हा संतोषचा फोन आला. संतोष माझ्या वर्गातला, आता ट्रॉलरवर तांडेल आहे, बोट तोच चालवतो. "होडेकर बाई गेल्या गो. दुपारच्या नमाजानंतर नेतायत. लगेच निघ." प्रूफ तसंच टाकून मी पावसकडची एसटी पकडली. बाईंच्या ओटीवर गावातल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मासे विकून थेट आलेल्या बायकांच्या टोपल्या अंगणात उलट्या ठेवलेल्या. जनाजा उठला, पुरुष मागोमाग गेले, आम्ही ओटीवरून वळणापर्यंत बघत राहिलो. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेली, शाळेतल्या एका मुलाची आई पुटपुटली, "आता शनिवारचं काय?" बाहेरच्या माणसाला हा प्रश्न त्या वेळी विचित्र वाटला असता. आम्हांला नाही वाटला. आमच्या गावात शनिवारच्या शाळेचे शेवटचे दोन तास चित्रकलेचे, आणि चित्रकला म्हणजे होडेकर बाई... बाईंना जाऊन आता महिना होऊन गेला.

जिल्हा परिषदेच्या आमच्या शाळेत बाई खरं तर भूगोल शिकवायच्या. सातवीपर्यंतच्या शाळेत चित्रकलेला स्वतंत्र माणूस लागतो, हे वर बसलेल्यांपैकी कुणाला कधी सुचलंच नाही. बाईंनी ते दोन तास भांडून मिळवले होते. रंगपेट्या कुणाकडे नव्हत्या. मग जांभ्याची लाल माती वस्त्रगाळ करून खळीत कालवायची. हळद घरातून, कोळसा चुलीतून, रातांब्याची सालं उकळून गुलाबी पाणी. फाटक्या जाळ्यांचे तुकडे, काथ्या, करवंट्या, सगळं वर्गात यायचं. नियम एकच होता. मोठ्या माणसाचा हात मुलाच्या कागदाला लागता कामा नये. स्वतःचाही लागू नये म्हणून बाई दोन्ही हात पाठीमागे धरून बाकांमधून फिरायच्या. एकदा माझी होडी कागदाबाहेर चालली होती. "बाई, नीट करून द्या ना." त्या वाकून बघत म्हणाल्या, "जाऊ दे की. होडी ती, कागदात कशास थांबेल?"

सहावीत आम्ही सगळ्यांनी मिळून भिंतीएवढा समुद्र केला. लाटा खरखरीत दिसाव्यात म्हणून कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि आम्ही घराघरांतून सुकट आणून खळीने चिकटवली. दुसऱ्या दिवशी तपासणीला साहेब येणार होते. सकाळी खोली उघडली तर समुद्र गायब. रात्रीत गावातली मांजरं खिडकीतून आत आली होती आणि खळीसकट लाटा चाटूनपुसून गेली होती. वर तेवढं आकाश उरलं होतं. संतोष हमसून हमसून रडायला लागला. त्या वेळचे मुख्याध्यापक घाबरले, म्हणाले, "बाई, कपाटातलं एखादं छापील चित्र लावून टाका पटकन." बाईंनी लावलं नाही. साहेब आले, चष्मा पुसून त्यांनी तो ओरबाडलेला कागद बराच वेळ पाहिला. "हे काय आहे?" बाई म्हणाल्या, "ओहोटी, साहेब." पहिल्यांदा संतोषच हसला.

माझं घर पत्रकांचं. बाबा मच्छीमारांच्या संघटनेत होते. माझी अक्षरओळख 'बंधू-भगिनींनो' या शब्दापासून झाली. कॉलेज संपवून मी गावी आले तेव्हा नव्या धक्क्यासाठी किनाऱ्यावर भराव पडत होता आणि छोट्या होड्या ओढून ठेवायची जागा चालली होती. मोर्चा ठरला. मी घोषणा आखलेले पुठ्ठे घेऊन शनिवारी शाळेत गेले. मुलांनी फक्त अक्षरांत रंग भरायचा होता.

"काय गो पत्रकवाली, माझ्या पोरांना तुझी अक्षरं भरायला बसवू?"

"बाई, त्यांच्याच बापांचा प्रश्न आहे हा."

"मग त्यांनाच विचार. कोरा कागद दे."

दिला. अर्ध्याअधिक मुलांनी होणाऱ्या धक्क्यावरून पाण्यात उड्या मारणारी स्वतःची टोळी काढली. कुणी आइसक्रीमची गाडी काढली. एकाने तर भराव टाकणाऱ्या यंत्राला हसरं तोंड दिलं. बाईंना हसू आवरेना. "आता काय करशील? पोरांविरुद्ध पत्रक काढशील?" चौथीतल्या एका मुलीने मात्र बापाची होडी काढली होती. घरामागच्या अंगणात, आत कोंबडी अंड्यांवर बसलेली. मी तो कागद मोर्च्यासाठी मागितला. बाई म्हणाल्या, "माझा नाही तो. तिला विचार." विचारलं. ती नाही म्हणाली.

त्यावरून बाईंचं नि माझं किती वाजलं! मला आजही वाटतं की पोटाचा प्रश्न उभा असताना नुसता कोरा कागद पुरत नाही. बाई म्हणायच्या, आपणच लिहून दिलेला कागद पुरतो असं तुला वाटतं, हीच तुझी अडचण. आमचा हा वाद मिटला नाही. मिटावा असं दोघींनाही फारसं वाटत नव्हतं.

निवृत्तीनंतरही बाई दर शनिवारी शाळेत येत राहिल्या. मग नवे मुख्याध्यापक आले. त्यांना ते दोन तास शिष्यवृत्तीच्या सरावाला हवे होते. त्यांचंही खोटं नव्हतं. पालक मुलं उचलून शहरातल्या इंग्रजी शाळेत घालत होते, पट घसरत होता, आणि मुलं यादीत झळकली तर शाळा टिकेल असा त्यांचा हिशोब होता. पालकसभेत एक बाप उठून म्हणाला, "चित्रं काढून काय मिळतं, बाई?" बाई म्हणाल्या, "तुझा पोरगा फक्त शनिवारीच पळून जात नाही, ते काय फुकट मिळतं?" सभा हसली. सर म्हणाले, बाई येतायत तोवर चालू दे... आणि पावसाळ्यानंतर बाई यायच्या थांबल्या.

शेवटची भेटले तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज खोल गेलेला.

"शनिवार कोण घेतंय?"

सरावाच्या प्रश्नपत्रिका सुरू झाल्या होत्या आणि ते त्यांना ठाऊक होतं.

"तू घे."

"बाई, मला साधा आंबा काढता येत नाही."

"मग तर बरंच. हात शिवशिवणार नाहीत."

बाई गेल्यावर मी सरांकडे गेले. भाषण तयार करूनच गेले होते. ते त्यांनी अर्धं ऐकलं आणि म्हणाले, "एक तास देतो. दुसरा सरावाचा. तास झाला की खोली मोकळी हवी."

गेल्या शनिवारी पहिल्यांदा वर्ग घेतला. म्हणजे बाक भिंतीला लावले, माती नि खळ मध्ये ठेवली आणि काय काढायचं ते सांगायचं नाही म्हणून ओठ घट्ट मिटून बसले. तास संपत आला तशी सातवीतली एक मुलगी उठली नि सगळ्यांना म्हणाली, "आता जाड रंग." मुलांनी मातीचा लगदा बोटांनी थापायला घेतला, आणि एकेक चित्र फरशीवर पसरत गेलं. भिंतीपासून दारापर्यंत पाय ठेवायला जागा उरली नाही.

"जाड रंग आत्ता कशाला?" मी विचारलं.

"बाई शेवटीच लावायला लावायच्या," ती म्हणाली. "लवकर वाळत नाही ना, ताई."

घंटा झाली. प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन सर दारात आले आणि त्यांनी एक पाऊल उचललं. फरशीवरून दुसरीतला एक मुलगा ओरडला, "सर, ओलं आहे!"

सरांनी पाय मागे घेतला. खोलीभर पसरलेली ती लाल चित्रं त्यांनी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. "किती वेळ लागेल वाळायला?"

"तासभर," सगळी मुलं एका सुरात म्हणाली.