घर कुणाचं, कुत्रं कुणाचं

थोरल्या मुलीला शिरूरचं स्थळ आलं, तेव्हाच मी घरात सांगून ठेवलं होतं की घर मी दोनदा बघणार. एकदा ते बोलावतील तेव्हा आणि एकदा मला वाटेल तेव्हा. आमची मंडळी म्हणाली, "लोक काय म्हणतील?" म्हणलं, लोकांची पोरगी न्हाई जायची त्या घरात, माझी जायचीय.

शाळेत मी फार टिकलो नाही. लहानपणीच मेंढरांमागं गेलो, पुढं पाटसच्या बाजूला जमीन कसायला लागलो. कागदावर लिहून दिलेलं मला पटत नाही, डोळ्याला दिसलेलं पटतं. त्यात आमच्या भावकीतल्या एका पोरीचा घोळ ताजा होता. सोयरीक जमवताना तिच्या बापाला दाखवलं चांगलं दोनमजली घर, आणि लग्नानंतर पोरगी नेली पत्र्याच्या खोलीत. घर दुसऱ्याचं, एका दिवसापुरतं मागून घेतलेलं. त्या बापाचं तोंड मी बघितलं होतं.

तेव्हा शिक्रापूरला कंपन्यांच्या शेडी उभ्या राहत होत्या. मुलगा तिथंच एका कंपनीत कामाला. माणसं आमच्यातलीच, पण दोन पिढ्यांमागं मेंढरं सोडून शिरूरात घोंगड्यांचा धंदा करून राहिलेली. घर जुन्या गल्लीत, नदीच्या अंगाला.

पहिल्या वेळेला आम्ही जीप करून गेलो. मी गल्लीपासूनच बघायला लागलो. दोन्ही बाजूंनी घराला घर चिकटलेलं, मधे बोटभर फट नाही. दगडी ओटे, नक्षीची जाड दारं, वर लाकडी सज्जे. कुणा व्यापाऱ्यांनी बांधलेली, किती जुनी ते कुणालाच धड सांगता येईना. पुण्याची दोन माणसं कॅमेरा घेऊन उभी होती. एक मला म्हणाला, "मामा, जरा बाजूला होता का? घर घ्यायचंय फोटोत."

म्हणलं, "तुम्हीच व्हा बाजूला. मी घर बघायला आलोय."

"आम्हीपण घरंच बघायला आलोय."

"तुमची पोरगी द्यायचीय का हितं?" म्हणलं. ते सरकले.

आत सगळं झकपक. सतरंजी, पोहे, चहा. खुर्च्या चार, पण चारही चार तऱ्हेच्या. मुलाच्या बापानं वरची खोली दाखवायला नेलं आणि तिथं तो दिव्याचं बटण चाचपत बसला. मी ते मनात ठेवलं.

खरं मन फिरलं ते कुत्र्यामुळं. तुटक्या कानाचं एक तांबडं कुत्रं ह्यांच्याच पायरीवर पडलं होतं. मुलगा ड्युटीवरून आला, त्याच्या अंगावरून आत गेला, तर त्यानं मान वर केली नाही. आणि समोरच्या घरातनं एक माणूस बाहेर पडला, तसं उठून त्याच्याभोवती नाचायला लागलं. आता मेंढरांमागं राहिलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. आमच्यात कुत्रं एका मेंढवाड्याचं असतं. धनी कोण ते त्याच्या शेपटीवरून कळतं. जाताना मी फडक्यातली भाकरी मोडून तुकडा टाकून बघितला. आमचं कुत्रं परक्या हातचं हुंगत नाही. ह्यानं मिटक्या मारत खाल्ला.

जीपमधे मी मंडळीला म्हणलं, "पोराचं घर न्हाई ते. समोरच्या माणसाचं आसंल."

"कुत्र्यानं सांगितलं का?" ती म्हणाली.

"व्हय."

ती खिडकीतनं बाहेर बघत बसली. मुलगा चांगला होता, स्थळ चांगलं होतं, आणि हा माणूस मोडता घालणार हे तिला दिसत होतं. होकार कळवायला थोडेच दिवस उरले होते.

मग एक दिवस कुणाला न सांगता निघालो. चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्यानं एसटी धरली. लाल पागोटं घरी ठेवलं, पांढरी टोपी घातली. खांद्यावर घोंगडी घेतली नाही. पोटातली शंका तेवढी बरोबर.

गल्लीत भर दुपार. ते दार बंद. शेजारच्या ओट्यावर एक बाई तांदूळ निवडत होती, समोरच्या ओट्यावर तोच परवाचा माणूस पेपर वाचत होता. माझ्याकडं बघून दोघांनी ओळख दिली नाही. मी बाईला विचारलं, "हे घर कुणाचं वं?"

"कशाला पायजे?"

"आसंच. बांधनी चांगली हाय."

तांदूळ निवडायचा हात थांबला. तिनं समोरच्याकडं बघितलं. त्यानं पेपर खाली केला. "घ्यायचंय का?"

"का, घेनाऱ्यासारखा दिसत न्हाई व्हय मी?" म्हणलं. माझा स्वभाव तसा आहे, कमी लेखलेलं सोसत नाही.

"तिथं कुनी ऱ्हात न्हाई," बाई म्हणाली.

"कुनीच न्हाई?"

"बंदच आसतं."

मी वर बघितलं. सज्ज्यावर ओलं लुगडं. "मग ते कुनाचं वाळतंय?"

"वाऱ्यानं आलं आसंल," समोरचा म्हणाला आणि पेपर वर घेतला.

मी बंद दाराकडं बघितलं. म्हणजे मला वाटलं तेच. बंद घर, मागून घेतलेलं. आता पहिली एसटी धरायची आणि सोयरीक मोडून टाकायची. वळलो, तर पायात ते तांबडं कुत्रं. शेपटी हलवतंय, खिसा हुंगतंय. मी हाड म्हणलं तर जास्तच अंगाला यायला लागलं.

ह्यांच्या भिंतीला भिंत लागून एका मुसलमान कुटुंबाचं घर होतं. तिथली म्हातारी केरसुणी घेऊन दारात आली. सगळी गल्ली तिला चाची म्हणायची. ती कुत्र्याकडं बघत राहिली, मग माझ्या पायांकडं.

"एकटं नवं मानूस दिसलं की हे अंगावर जातं," ती म्हणाली. "तुमच्या न्हाई गेलं. म्हंजी आदी येऊन काय तरी चारलंय तुमी त्याला."

मी पाय मागं घेतला.

"लाल पागोट्याचं पाव्हनं ना तुमी? टोपी घातलीत, पर वहाना बदलायच्या ऱ्हायल्या. परवाबी आशाच करकर वाजत हुत्या."

तांदळाची बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मी मान खाली घातली नाही. म्हणलं, "व्हय, मीच. पोरगी माझी हाय. आता खरं सांगा, हे घर त्यांचं हाय, का दाखवायला मागून घेतलं हुतं?"

"या बया," चाची म्हणाली, "आन् ह्यांस्नी वाटलं तुमी दलाल."

मग कळलं. आधी असाच एक जण आला होता, ओट्यावर बसून पाणी प्याला, बांधणी चांगली आहे म्हणाला. त्यानंतर कोपऱ्यावरचं घर विकलं गेलं, पाडलं, आता तिथं दुकानाचे गाळे. तेव्हापासून गल्लीचं ठरलेलं, परक्यानं घर कुणाचं विचारलं की तिथं कुणी राहत नाही म्हणायचं.

"आन् कुत्रं कुनाचं?" मी विचारलं.

"कुनाचंच न्हाई. सकाळी आमच्यात खातंय, दुपारी समोर. ते पोरगं ड्युटीवर, त्याच्या हातचं कवा मिळतंय? मग कशाला उठंल त्याच्यासाठी?"

"खुर्च्या?"

"एक माझी. पाव्हनं आले की गल्लीतल्या जमतात. तुमच्याकडं काय करतात?"

चाचीनं केरसुणीची मूठ मधल्या भिंतीवर तीनदा आपटली. पलीकडून तीनदा आवाज आला, आणि ते बंद दार उघडलं. मुलाची आई, कोपरापर्यंत पीठ. मला बघून ती दारातच थांबली.

आत खुर्च्या नव्हत्या. सतरंजीपण नव्हती. भिंतीला घोंगड्यांची चळत, तिच्यावर मी बसलो. वरच्या खोलीत ते झोपायलाच जात नाहीत, माल ठेवतात, म्हणून बापाला बटण सापडेना. घर सासऱ्यानं घेतलेलं, दारावरचा त्याचा खिळ्याला लावलेला फोटो तिनं दाखवला. पहिल्या वेळेला तो सतरंजी-पोह्यांच्या घाईत मला दिसलाच नव्हता.

"आजून काय बघायचंय, मामा?" ती म्हणाली. आवाजात राग होता, आणि तो मला आवडला. "चूल बघा. मागचं दार बघा."

"बघतो," म्हणलं, आणि बघितलं. कड्या ओढून बघितल्या. माठात हात घालून पाणी बघितलं.

निघताना ती म्हणाली, "आता आमीबी न सांगता येनार तुमच्याकडं."

"या की."

आठवड्यात आली. आमच्या कुत्र्यांनी तिला नवऱ्यासकट बांधावरच धरून ठेवलं, मी हाक मारीपर्यंत पाऊल टाकू दिलं नाही. मंडळीला लाज वाटली. मला नाही वाटली.

मुलगी त्या घरात दिली. अजूनही मी जातो ते न सांगताच. मागं एकदा गेलो तर मोबाइलनं फोटो काढणारी पोरं ओट्यापाशी उभी होती. हे घर कुणाचं, म्हणून मुलीला विचारत होती. तिच्या डोक्यावर सज्ज्यात दोन साड्या आणि नातवाची चड्डी वाळत होती.

"हितं कुनी ऱ्हात न्हाई," ती म्हणाली, आणि मला आत घेऊन कडी लावली.